साठी ओलांडलेल्या बायांनो, मोठी लेन्स कशी पेलता?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी परभणीची, वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त. पाखरं बघायचा नाद जुना आहे, फोटोंचा निवृत्तीनंतर लागला. कॅमेरा निकॉन डी७२००, लेन्स २००-५०० मिमीची. दोन्ही वापरलेलं घेतलंय पण ठणठणीत आहे. लेन्स कॉलरसकट (म्हणजे खाली पाय असलेलं, लेन्सभोवतीचं कडं) २३०० ग्रॅम आणि बॉडी ७६५, म्हणजे तीन किलोच्या वरचं प्रकरण.

हिवाळ्यात जायकवाडी, जमलं तर येलदरी, आणि एरवी आमच्याकडचे माळ. माळावर भोवत्या (हॅरिअर, हा शिकारी पक्षी) आला की तो गवतावरून अगदी खालून, संथ, तिरका-तिरका उडत राहतो. त्याच्या मागं लेन्स फिरवायची तर हात वर धरूनच ठेवावा लागतो. मिनिटभरात डाव्या खांद्यात कळ यायला लागते. सगळा भार डाव्या हातावर, उजवा काय, नुसता बटण दाबायला. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. फ्रोझन शोल्डर नाही, स्नायू कमजोर झालेत म्हणाले. वर "या वयात कशाला हे?" असंही म्हणाले, तेही त्याच फीमध्ये.

मला मिळणारे सल्ले दोन. एक, मोबाइलवर काढा. दोन, मुलाला सोबत न्या, तो उचलेल. एका शिबिरात तर संयोजकांनी सगळ्या काकूमंडळींना परस्पर गाडीत बसवून ठेवलं आणि तरुण पोरं पुढं नेली. का, तर "तुम्हाला झेपणार नाही". कुणी विचारलं होतं का आम्हाला?

म्हणून इथं विचारतेय. तुम्ही लेन्स धरता कशी, नेता कशी, बसता कुठं? आणि आता हलकी घ्यावी असं नेमकं कधी वाटलं? पुरुषांनीही जरूर लिहा, फक्त "जिम लावा" एवढ्या दोन शब्दांत आटपू नका.

दुर्बीणदास

ताई, धागा चांगला काढलात. मी संभाजीनगरचा, वय पंचेचाळीस, त्यामुळे खांद्याबद्दल बोलायचा हक्क नाही. वजनकाट्याबद्दल बोलतो.

तुमची बॉडी आहे तीच ठेवून सर्वात जास्त फरक पाडणारी लेन्स म्हणजे निकॉनचीच ५०० एफ/५.६ पीएफ. १४६० ग्रॅम. तुमच्या लेन्सपेक्षा आठशे ग्रॅमहून जास्त हलकी, आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घ्यायचं भोक, तेवढंच. पीएफ प्रकारात आतली एक काच वेगळ्या तऱ्हेने घडवलेली असते, त्यामुळे लेन्स आखूड होते आणि वजन कॅमेऱ्याच्या बाजूला सरकतं. दोन तोटे आहेत. झूम नाही, आणि समोरून ऊन आलं की कधीकधी चमकेची विचित्र वर्तुळं पडतात. नवी महाग आहे, वापरलेली बघा.

मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) जायचं तर कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. आर७ बॉडी बॅटरीसकट ६१२. सगळं मिळून सव्वा किलो, आणि क्रॉपमुळे (आतला सेन्सर लहान असल्याने) पोच ६४० मिमीसारखी. पण पूर्ण ओढल्यावर एफ/८ आहे, म्हणजे उजेड कमी घेते, हे विसरू नका. सकाळी सातच्या आत आयएसओ बोंबलतो, फोटो दाणेदार येतो. ओएम सिस्टीमची १००-४०० लेन्स ११२० ग्रॅम, बॉडी सहाशेच्या आसपास, आणि पोच ८०० मिमीची.

तुमच्या लेन्सबद्दल आणखी एक. झूम केलं की ती पुढं लांब होते, तोल पुढं जातो आणि मनगटावर ताण येतो. शिवाय रिंग फारच फिरवावी लागते. निकॉनची झेड १८०-६०० किंवा सोनीची २००-६०० यांची लांबी बदलत नाही, सगळं आतल्या आत सरकतं. वजन तिथंही दोन किलोच्या आसपासच आहे, पण हातात धरल्यावर फरक कळतो.

चष्मिष_आजी

अगं बाई, एवढे आकडे! मी अंबाजोगाईची, एकाहत्तर पूर्ण. निकॉनचा पी९०० वापरते. लेन्स त्यालाच चिकटलेली, ८९९ ग्रॅम, आणि २००० मिमीपर्यंत ओढतं. गच्चीवरून चंद्राचे खड्डे काढून नातवाला पाठवते. पिशवीत घालायचा नि निघायचं. खांदा, कॉलर, मोनोपॉड (एका पायाची काठी) काही भानगड नाही.

उडतं पाखरू त्यात सापडत नाही, हे कबूल. संध्याकाळी फोटो दाणेदार येतो, हेही कबूल. पण खंड्या, धनेश, वेडा राघू, तळ्यावरचा शेकाट्या, सगळे बसलेले मिळतात. बसेल ना कधीतरी पाखरू!

गोदाकाठची

आजी, तुमचं वाचून हसू आलं. पण भोवत्या बसला तरी गवतात बसतो हो, मग नुसतं गवत दिसतं. मला तो उडतानाच हवाय, पंखाखालचे पट्टे दिसले पाहिजेत. नर की मादी, कोणता भोवत्या, हे नंतर फोटोवरूनच ठरतं. तिथं पी९०० मला पुरणार नाही.

दुर्बीणदास, आभार. पीएफ मनात भरलीय, पैशांचं बघते. तोवर आहे त्याच लेन्सवर काय करता येईल?

निवांत_नांदेडकर

सोपा उपाय, मॅडम. काकांना सोबत न्या. लग्नात सप्तपदी घेतलीय ना त्यांनी, मग लेन्स नको का घ्यायला? हलकं घ्या.

गोदाकाठची

काका वारले, भाऊ. सहा वर्षं झाली. आणि असते तरी पहाटे पाचला उठले नसते, त्यामुळे ओशाळू नका.

हाडवैद्यीण

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायका रोज येतात. कॅमेरावाल्याही आता तुरळक येऊ लागल्यात. बाई, तुमचं दुखणं वाचून जे वाटलं ते लिहिते. अर्थात हे तपासून दिलेलं निदान नव्हे.

तीन किलो हे काही फार वजन नाही. घरात तुम्ही यापेक्षा जास्त रोज उचलत असाल. खरा घोळ अंतराचा आणि वेळेचा आहे. वस्तू अंगापासून जितकी लांब, तितका खांद्याच्या छोट्या स्नायूंवरचा ताण वाढतो. हात पुढं ताणून तीन किलो मिनिटभर धरणं आणि कोपर बरगडीला टेकवून तेच तीन किलो धरणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोपर टेकलं की भार खांदा सोडून बरगड्यांवर आणि खाली कमरेवर उतरतो.

म्हणून आधी घरी, टेबलापाशी एक काम करा. लेन्स पूर्ण ५०० वर ओढा, कारण तुम्ही बहुतेक तिथंच वापरणार. मग ती दोन बोटांवर तोलून बघा. जिथं तोल साधतो तिथं रंगीत चिकटपट्टी लावा. डावा तळहात नेहमी त्या पट्टीखाली यायला हवा. बहुतेक जणी हात फार मागं, कॅमेऱ्याजवळ धरतात आणि मनगटाने नाक वर उचलून ठेवतात. दुखणं तिथून सुरू होतं. तळहात वर, बोटं सैल. करकचून धरलं की हात लवकर थरथरतो.

दुसरं, पाखरू लांब असताना लेन्स वर धरून वाट बघू नका. मांडीवर ठेवा, डोळ्यांनी बघत राहा. टप्प्यात आलं की उचला, आठ-दहा सेकंद, परत खाली. तुमच्या लेन्सवर फोकस मर्यादेचा खटका आहे, तो सहा मीटर ते अनंत या बाजूला ठेवलात तर ऐनवेळी फोकस धुंडाळत बसणार नाही आणि हात वर धरायचा वेळ वाचेल.

आता आपल्या वयाचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाडांची घनता कमी होते, स्नायूही झडतात. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीच्या बायकांत जास्त आढळतो, मधुमेह असेल तर आणखी. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात हे तर इतकं नेहमीचं आहे की बायका सांगतही नाहीत. तुम्ही मागच्या बटणावर अंगठ्याने फोकस करत असाल आणि तिथं दुखत असेल, तर सरळ शटरच्याच बटणावर फोकस ठेवा. कुणी "खरे फोटोग्राफर असं करत नाहीत" म्हणालं तर म्हणू दे.

साठीच्या पुढच्या प्रत्येकीने एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. हाडं विरळ असतील तर लेन्स हातात धरण्यापेक्षा धोका डिकीतून बॅग काढताना आहे. कमरेत वाकून, वर अंग वळवून बॅग ओढू नका. मणका असाच दबतो. बॅग मागच्या सीटवर ठेवा, कमरेच्या उंचीला.

आणि हो, व्यायाम. "जिम लावा" म्हणत नाही. दोन-तीन दिवसांआड, घरी. पाण्याची बाटली घेऊन एका हाताने मागं ओढायचं, म्हणजे कोपर कमरेपाशी आणायचं. भिंतीला रेटून दंड. काखेत घडी घातलेला टॉवेल दाबून धरून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा, रबरी पट्टा असेल तर त्याच्या ताणावर. दोन्ही हातांत अर्ध्या बादल्या घेऊन अंगणात ताठ चालायचं. हळूहळू वजन वाढवायचं. वय झालं म्हणून ताकद येत नाही, हे खोटं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या दहा माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! तुम्ही तर चौसष्टच्या.

रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात पाठीमागं नेऊन ब्लाउजचा हूक लावता येत नसेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी तपासून घ्या.

बालाघाटी

डॉक्टर, दणदणीत अनुमोदन. मी धाराशिवची, अठ्ठावन्न. घरची शेती. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पावसाळ्यात जाते, एरवी बांधावरच सगळं मिळतं.

मी तर लई सोपं करून टाकलंय. मोनोपॉड. त्याच्यावर एक तिरपं होणारं छोटं डोकं बसवलंय, नुसता मोनोपॉड घेतला तर वरखाली करताना अख्खी काठी झुकवावी लागते. सगळं वजन काठीवर, माझ्या हाताला फक्त दिशा द्यायची. कंबर टेकायला नाही मिळाली तरी चालतं, काठीच आधार होते. माझा गुडघा बी खूश.

पण आपली माती काळी. पाऊस पडून गेला की काठीचं टोक आत जातं ते जातंच, आणि उपसलं की ढेकूळ घेऊन येतं. मी सुपारीच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, मधोमध भोक पाडून रबरी टोकाला स्क्रूने बसवलं. आता रुतत नाही. कडा वाळूकागदाने घासून घ्या, नायतर पायाला लागतं.

पट्ट्याचं सांगते. कॅमेऱ्यासोबत येतो तो गळ्यातला पट्टा फेकून द्या. मान जाते आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर, लेन्स जोडतात तिथं, सगळा भार पडतो. मोठी लेन्स असली की पट्टा लेन्सच्या पायालाच बांधायचा, तिरका, एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेला. उलटी लोंबते, चालताना हात मोकळे. साडीवर पदराची अडचण होते म्हणून मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी घरी. गावात आधी चर्चा झाली, आता कुणी बघत नाही.

एक कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बाहेर निघालं की बाया पाणीच पीत नाहीत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. मग दुपारी पायात गोळे, डोकं दुखतं, लघवीला जळजळ. हात थरथरतो तो बी कधीकधी पाण्यावाचून. मी आता ठरवूनच जाते, कुठल्या वस्तीवर, कुणाच्या घरी. कॅमेरा बघून पोरंसोरं जमतात, मागून त्यांची आई येते, मग काम होतं.

चष्मिष_आजी

बालाघाटी, पाण्याचं लिहिलंस ते लाख मोलाचं.

मोळीवाल्याची_लेक

सगळं वाचलं. राग नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी बीड जिल्ह्यातली. माझी आई आयुष्यभर ऊसतोडीला गेली. तीन किलोची लेन्स म्हणून तुम्ही एवढी चर्चा करताय. ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची, पोटुशी असताना सुद्धा. तिच्या खांद्याबद्दल कुणी धागा काढला नाही. हौसेच्या दुखण्याला डेक्सा आणि रबरी पट्टे, नि आमच्या आयांना पेनकिलरच्या गोळ्या. बघा पटतंय का.

दुर्बीणदास

हा मुद्दा बरोबर असला तरी इथं अवांतर आहे असं वाटतं.

हाडवैद्यीण

अवांतर अजिबात नाही, दास. राहू द्या.

ताई, तुमच्या आईसारख्या बाया माझ्याकडे येतात. मान, गुडघे, कंबर. आणि बहुतेक उशिरा येतात, कारण हंगामात येणार कधी? "बायका कितीही ओझं उचलतात, त्यांना सवय असते" हे वाक्य मला सर्वात जास्त चीड आणतं. सवय म्हणजे दुखणं अंगवळणी पडणं, एवढंच.

या धाग्याशी त्याचा संबंध आहे. डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली बाई सरळ चालू शकते, कारण भार मणक्याच्या रेषेत आहे. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, कुणालाही जमणार नाही. म्हणून मोळी उचलणाऱ्या बाईला लेन्स सहज पेलेल असं नाही, आणि लेन्स धरणाऱ्या बाईचं दुखणं खोटं असंही नाही. दोघींच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी ताण येतो. फरक एवढाच की बाईंना लेन्स खाली ठेवता येते. तुमच्या आईला मोळी खाली ठेवता येत नव्हती.

मोळीवाल्याची_लेक

हे मान्य. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईला म्हण, दुखतंय तर वेळेवर थांब." गोदाकाठची ताई, तुमच्यावर रोख नव्हता.

गोदाकाठची

माहीत आहे गं. तुझी चीड योग्यच आहे. आईला माझा नमस्कार सांग. तिचं ऐकते.

पाणथळ

मी पैठणचा, हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतो. माझ्यासोबत येणाऱ्यांत निम्म्या बाया साठीच्या पुढच्याच असतात, आणि बसायचा पेशन्स त्यांच्यात पोरांपेक्षा जास्त असतो. चार गोष्टी जायकवाडीपुरत्या सांगतो.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट. पाणी उतरत जातं तसा काठ मागं सरकतो, मधे गाळ आणि गाळपेराची शेतं. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकदंब हे पक्षी त्या पाण्याच्या रेषेवर असतात, म्हणजे तुम्ही जिथं उभे आहात तिथून लांबच. लोकांना वाटतं अजून मोठी लेन्स घेतली की काम झालं. तसं नसतं. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते. डिसेंबरातही साडेनऊ-दहानंतर लांबचा रोहित फोटोत विरघळलेला दिसतो. तिथं ५०० काय नि ८०० काय, हवाच मधे आहे. सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास धरा. त्या वेळी हलकी लेन्सही चांगला फोटो देते, आणि दहा वाजता तीन किलो गुंडाळून ठेवायला तुमच्याकडे कारणही असतं!

दुसरं, खाली बसा. उभं राहून काठावर आलात की पाखरं सरकतात. बसल्यावर थोड्या वेळाने तीच चरत-चरत जवळ येतात. शेकाटे, तुतारी, धोबी तर फार जवळ येतात. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी मी वीतभर उंचीचं लाकडी पाट ठेवतो. त्यावर बसून गुडघे वर आले की दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकतात. तो तिपाईसारखाच आधार झाला. उठताना मात्र कुणाचा तरी हात धरा, लेन्स आधी दुसऱ्याकडे द्या. लेन्स हातात घेऊन उठताना चिखलात घसरणाऱ्या जास्त बघितल्यात मी.

तिसरं, माळावर असाल तर गाडीतून उतरूच नका. काळवीट, खोकड, भोवत्या, सगळ्यांना गाडीची भीती कमी, माणसाची जास्त. गाडी हेच लपण. फक्त इंजिन बंद करा, नाहीतर कंप लेन्सपर्यंत येतो. खिडकीवर धान्याची पिशवी आणि तिच्यावर लेन्स. मग वजनाचा प्रश्नच उरत नाही, उलट जड लेन्स पिशवीवर जास्त स्थिर बसते. शिबिरात तुम्हाला गाडीत बसवलं त्याचा राग कळतो. पण गाडीत बसायची जागा मात्र वाईट नसते.

अभयारण्य १९८६ पासूनचं आहे, काही ठिकाणी परवानगी लागते. वनखात्याला विचारूनच या. आणि वीण असलेल्या टिटवी-सुरयांच्या घरट्यांपाशी लेन्स लहान म्हणून जवळ जाऊ नका, ही विनंती.

गोदाकाठची

भाऊ, त्या शिबिरात गाडीसुद्धा भलत्याच बाजूला लावली होती, खिडकीतून दिसत होता तो फक्त ढाबा. असो. पण तुमचं म्हणणं डोक्यात बसलं. माळावर गाडीतून, जायकवाडीला पाटावरून. मग हातात धरायचा प्रसंग राहतो कधी? भोवत्या गाडीच्या वरून किंवा मागून गेला तर तेवढाच.

दुर्बीणदास

तेवढ्या वेळासाठी डॉक्टरांनी सांगितलेले आठ-दहा सेकंद पुरतात. शटर १/२००० च्या वर ठेवा. लेन्समधला कंप थांबवणारा खटका स्पोर्टवर. लक्षात घ्या, तो खटका फक्त तुमच्या हाताचा कंप थांबवतो, पंखांची हालचाल नाही. कंपाला घाबरून शटर कमी करू नका.

मीही माझं आधीचं म्हणणं थोडं मागं घेतो. पिशवीवरून वापरायची तर २००-५०० विकायची घाई करू नका. पीएफचा विचार तुम्ही पायी भटकायला लागलात तर करा.

चष्मिष_आजी

अवांतर: होमाई व्यारावाला आठवल्या. १९१३ सालचा जन्म, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून ती मोठाली स्पीड ग्राफिक पेटी घेऊन दिल्लीभर फिरायच्या, नेहरूंपासून सगळे टिपले. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या नव्वदीच्याही पुढं होत्या. त्यांनाही कुणीतरी "काकू, गाडीत बसा" म्हणालंच असेल.

निवांत_नांदेडकर

आजी, त्यांनी ऐकलं नसणार हे नक्की. गोदाकाठच्या बाई, पहिल्या प्रतिसादाबद्दल मनापासून माफी. तुम्ही कधी नांदेडकडे आलात तर पहाटे पाचला गाडी घेऊन हजर राहीन. लेन्स उचलणार नाही, नुसती गाडी चालवेन.

गोदाकाठची

कबूल. इंजिन बंद ठेवता येतं ना तुम्हाला? तोंडाचंही.

डॉक्टर, चिकटपट्टी लावली. माझा हात खरंच चार बोटं मागं असायचा. पट्टीवर धरलं की लेन्स हलकी झाल्यासारखी वाटते, मनगट तर लगेच सुटलं. खांदा बघू, बादल्या सुरू केल्यात. शेजारीण विचारत होती, नळ आलाय का?

आता पिशवी शिवायची आहे. विकतची बघितली, त्या किमतीत मी घरच्या सगळ्या गाद्या भरून घेईन. कुणी शिवलीय का? माप काय? आत काय भरायचं? आमच्या घरात ज्वारी आहे भरपूर.

बालाघाटी

मी शिवलीय. जुन्या जीन्सचा पाय घ्या, मांडीकडचा, रुंद भाग. साधारण दोन वीत लांब कापा. एक टोक दुहेरी शिवणीने बंद. बरोबर मधोमध आडवी शिवण मारा, पण पूर्ण नाही, मधे चार बोटांची फट ठेवा, म्हणजे दोन कप्पे होतात आणि दाणे इकडून तिकडे जातात. दुसऱ्या टोकाला चेन. चेन गळते म्हणून आतून मलमलची वेगळी थैली करून तिच्यात धान्य, ती थैली जीन्समध्ये. खिडकीच्या काचेवर बसवली की एक कप्पा आत, एक बाहेर लोंबतो, मधल्या खाचेत लेन्स. काच पूर्ण खाली नको, चार-पाच बोटं वर ठेवा म्हणजे पिशवी घट्ट बसते. वरून एक हातभर नाडी शिवा, ती आतल्या हँडलला बांधायची, बाहेर पडली तर गाडीतून उतरावं लागतं.

ज्वारी चालते, पण ठासून भरू नका. पाऊणच भरा, तरच लेन्स त्यात रुतते. तूरडाळ चांगली पण महाग, आणि तांदूळ बारीक असल्यानं शिवणीतून येतो. ज्वारीला पावसाळ्यात किडे लागतात, मी दिवाळीनंतर भरते आणि होळीच्या आत कोंबड्यांना टाकते.

हाडवैद्यीण

भरलेली पिशवी दोन-तीन किलोची होते, तीही कुणीतरी उचलणारच. लांब जायचं असेल तर रिकामी न्या आणि तिथल्या किराणा दुकानात भरा. परत येताना ते धान्य मुक्कामाच्या घरी देऊन या.

चष्मिष_आजी

मला पी९०० साठी लहान शिवून देशील का गं, बालाघाटी? एका वीतीची. नातवाची जीन्स आहे, गुडघ्यावर फाटलेली. फाटकीच विकत घेतली होती म्हणे, पण मांडीकडचा भाग धड आहे.

बालाघाटी

द्या पाठवून, आजी. चेन तुमच्याकडचीच लावा, जाड दातांची, सुरळीत सरकणारी. आणि जीन्स धुऊन, उन्हात वाळवून पाठवा, शिवल्यावर आटली तर खाच लहान होते.